मदत हवी आहे: नव्या दुर्बिणीतून गुरूऐवजी भोक पडलेली चकती दिसतेय

द्राक्षबाग:
काल दुर्बीण आली. रात्री परसात मांडली, गुरूवर रोखली. मधोमध काळं भोक असलेली पांढरी चकती दिसते, भोकातून तीन काळ्या रेघा बाहेर गेल्यात. वर ती सारखी पळते. आरसा फुटका आलाय का? परत करायची मुदत उद्या संध्याकाळी संपतेय. पटकन सांगा.

व्याधाचा_शेजारी:
कुठली दुर्बीण? आरसा किती मिमीचा? आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, कुठला लावला होता? गाव?

द्राक्षबाग:
गावाचा काय संबंध? निफाडजवळ. पांढरी, लांब नळीची आहे. खोक्यावर ६७५ पट लिहिलंय, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही.

डॉब्सनभक्त:
६७५ वाचलं आणि कळलं. परत करा, थोडे पैसे घालून आठ इंची आरशाची, साध्या फिरत्या बैठकीवरची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. मी तेच केलं. असल्या स्टँडवर नुसता वारा आला तरी चित्र नाचतं.

व्याधाचा_शेजारी:
त्यांनी काय घ्यावं हे विचारलेलं नाही. द्राक्षबाग, नळीवरचे आकडे वाचून सांगा.

द्राक्षबाग:
डी ११४, एफ ९००. सोबत २० आणि ४ चे आयपीस, ३ पट आणखी मोठं दाखवणारी बार्लो भिंग. ४ आणि बार्लो दोन्ही लावले होते, लहान कशाला बघायचं?

जुना_निरीक्षक:
कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळवणी, गेलंय. कुरियरमध्ये आरसे हलतात. मागचे स्क्रू पिळून बघा.

व्याधाचा_शेजारी:
काका, नवीन माणसाला पहिल्याच रात्री स्क्रू पिळायला सांगू नका! भोक मधोमध आहे म्हणतायत, म्हणजे आरसे बहुधा जागेवर आहेत. ते भोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या तिरक्या आरशाची सावली, आणि रेघा त्याला धरणाऱ्या पट्ट्यांच्या. फोकस जुळलेला नसला की हेच दिसतं. बार्लो काढा, २० चा लावा, फोकसचं चाक सावकाश फिरवा. चकती मोठी व्हायला लागली तर उलटं फिरवा.
नळीवरचा एफ, म्हणजे ९०० मिमी नाभीय अंतर, भागिले आयपीसचे २० म्हणजे ४५ पट. पुरे आहे. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते जेमतेम २० पटीच्या दुर्बिणीतून. ११४ मिमीच्या आरशाला फार तर सव्वादोनशे पट झेपतात, तेही हवा स्थिर असेल तर. पळण्याचं कारण पृथ्वीचं फिरणं. ६७५ पटीला गुरू वीसेक सेकंदांत बाहेर जातो, ४५ ला चार मिनिटं तरी थांबतो.

जुना_निरीक्षक:
गुरूवर कॉलिमेशन कळत नाही. व्याधाच्या ताऱ्यावर बघा, मग बोला.

अनुराधा_नक्षत्र:
परसातच ठेवा, गच्चीवर नेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, प्रतिमा थरथरते. आणि निफाडची थंडी! घरातून काढल्यावर अर्धा-पाऊण तास नळी बाहेर गार होऊ द्या. नळीवरचा नेम धरायचा फाइंडर दिवसा लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवून घ्या. सूर्याच्या दिशेला चुकूनही नको, डोळा जाईल.

पत्रिकावाले:
गुरू पाहताय, उत्तम. पण साडेसाती चालू असेल तर शनीकडे दुर्बीण रोखू नये असं माझं मत.

डॉब्सनभक्त:
😂 शनीला कळतं का कोण बघतंय ते?

पत्रिकावाले:
थट्टा करा. अनुभव आला की बोला.

कांदाभजी:
निफाडला अंधार असतो का हो? आमच्याकडे ग्रामपंचायतीनं एलईडी लावल्यापासून कृत्तिकासुद्धा धड दिसत नाहीत. खोडदच्या जीएमआरटीला बरं, रात्रंदिवस चालते.

व्याधाचा_शेजारी:
ती रेडिओ दुर्बीण आहे, तिला दिव्यांच्या उजेडाचा त्रास नाही. मोबाइलचा होतो.

द्राक्षबाग:
धागा माझा आहे. २० चा लावला, चाक फिरवत गेलो. चकती लहान होत होत मधली खूण गेली. आता पिवळट गोळा दिसतोय, त्यावर दोन फिकट पट्टे आहेत की मला भास होतोय? बाजूला एका रेषेत तीन ठिपके. चार चंद्र म्हणाला होतात, चौथा कुठंय? आरशाचा दोष?

व्याधाचा_शेजारी:
पट्टे खरे आहेत. चौथा गुरूच्या मागे किंवा समोर असेल, नाहीतर सावलीत. तास-दोन तासांनी बघा. तोवर मृगाच्या तलवारीवर लावा, मधला तारा धुरकट दिसेल, तो तेजोमेघ. स्टँडचा ध्रुवाकडे रोखायचा अक्ष २० अंशांवर ठेवा, तुमचा अक्षांश तेवढाच आहे.

जुना_निरीक्षक:
व्याधावर पाहिलंत का?

कांदाभजी:
बार्लो नको असेल तर किती घेणार?