भाचीच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर: हा माझा मान की ताठा?

नौपाडेकर:
सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात ठाण्यातच आहे. बहीण राहते कोपरखैरण्याला, म्हणजे ट्रान्स हार्बर लोकलने वीस-बावीस मिनिटं. तरी पत्रिका आली कुटुंबाच्या ग्रुपवर, पीडीएफ, खाली जोडलेले हात. घरी येणं नाही, अक्षता नाहीत. मी ठरवलं, आहेर पाठवायचा, आपण जायचं नाही. बायको म्हणाली, हा अहंकार. मी तिला गीता ऐकवली, दुसऱ्या अध्यायातला ३४वा श्लोक: 'संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते', प्रतिष्ठित माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट. तर म्हणते, "अर्जुन काय पत्रिका नीट आली नाही म्हणून रुसून बसला होता?" मला उत्तर सुचलं नाही. आपल्या धर्मात मानाला किंमत आहे की नाही?

घंटाळीचा_वाचक:
वहिनी जिंकल्या. अर्जुन अंगावरचं काम टाकून निघाला होता, लोक त्याबद्दल नावं ठेवतील, असं कृष्ण सांगतोय. नमस्कार कोणी केला नाही, हा तिथे विषयच नाही. आणि चारच श्लोक पुढे, ३८व्यात, तोच सुखदुःख, लाभ-हानी सारखी धर म्हणतो. बाराव्या अध्यायात तर मानापमानही सारखे. सोळाव्यात 'अभिमान' सापडतो तो दंभ आणि दर्पाच्या शेजारी, आसुरी संपत्तीत. आपण मराठीत तो शब्द छाती फुगवून वापरतो, ते वेगळं.

वाशीची_माई:
भाऊ, मामाचा मान म्हणजे भाचीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणायचं. तुमच्या फेट्याचं कौतुक त्यात धरलेलं नाही! माझ्या लग्नात मोठा मामा असाच रुसला. ऐनवेळी धाकट्याला उभं केलं, अकरावीतलं पोर, कोणाची तरी सैल पँट चढवलेली. एका हातात मी, दुसऱ्या हातात पँटचा कमरपट्टा. चाळीस वर्षं झाली, अल्बममध्ये तोच आहे.

तळ्याकाठचा:
तेराव्या अध्यायात गीता 'अमानित्व' हा एकच शब्द टाकून पुढे जाते, माउली मात्र त्यावर रमतात. सुरुवातीलाच म्हणतात, 'संभावितपणाचें । वोझे जया'. तुमच्याच श्लोकातला शब्द, नौपाडेकर! तिथे जो मिरवायचा, तो इथे पाठीवरचा बोजा. बृहस्पतीइतकं ज्ञान असूनही हा माणूस 'वेडिवेमाजीं दडे । महिमे भेणें', मोठेपणाच्या भीतीने वेडं पांघरतो.

पण बहिणीचंही चुकलंच. विष्णुसहस्रनामात तीन नावं ओळीने येतात: 'अमानी मानदो मान्यो'. स्वतःला मान नको, दुसऱ्याला मात्र द्यायचा, मग मान्य. मधलं नाव तिच्या वाट्याचं होतं. वीस मिनिटांवर राहून पीडीएफ?

नौपाडेकर:
काल फोन केला. पत्रिका पाठवली ती भाच्याने, आईला न विचारता. माझी पत्रिका हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलेली आहे, रविवारी दोघं घेऊन येणार होते. मी म्हटलं, गुडघे दुखतात तुझे, मीच येतो. त्यावर ती चिडली, "मला माझा मान करू दे की!" आता रविवारी तीच येतेय.

माई, फेटा मात्र मी बांधणारच. कापड घेऊन झालंय.