मदत हवी आहे: अण्णांच्या लिव्हरमध्ये गाठ, बायोप्सी न करताच कॅन्सर म्हणतात

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ.

माझे वडील (अण्णा), वय ६१, कराडजवळ शेती. माळकरी, दारूचा थेंब नाही. दीड महिन्यापूर्वी लेंग्याची नाडी पुरेना, तेव्हा आई हसायची की सुटलंय पोट. ते पाणी होतं. सोनोग्राफीत सिरोसिस (लिव्हर कडक, निबर होणं) आणि उजव्या बाजूला ४.२ सेंमीची एकच गाठ. रक्तात हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन) ४८०, प्लेटलेट ८२ हजार. मग पुण्यात ट्रायफेजिक सीटी (डाय सोडून टप्प्याटप्प्याने फोटो काढतात तो) झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, हा लिव्हरचाच कॅन्सर, बायोप्सीची गरज नाही.

पाणी आता औषधांनी उतरलंय. पुढे 'टेस' नावाचा उपचार, मग जमलं तर ट्रान्सप्लांट, असं सांगितलंय. आम्ही पाच मिनिटांत बाहेर.

१. सुई न घालता खात्री कशी?
२. एकच गाठ आहे तर कापून का काढत नाहीत?
३. दादा लिव्हर द्यायला तयार आहे, वहिनी रडून रडून अर्धी झालीये. तिला काय सांगू?

गावात कुजबुज चालू आहे की 'चोरून घेत असणार'. आईने अण्णांचं ताट-वाटी वेगळं काढलंय. ते काही न बोलता ओसरीवर जेवतात. याचा त्रास मला रिपोर्टपेक्षा जास्त होतोय.

प्रतिसाद
ताई, माझ्या सासऱ्यांचं हेच झालं होतं, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही.

सिरोसिस असलेल्या लिव्हरमध्ये ही गाठ धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून डाय सोडल्यावर ती आधी उजळते आणि नंतरच्या फोटोत बाकी लिव्हरपेक्षा काळपट दिसते. रिपोर्टमध्ये 'वॉशआउट' शब्द शोधा. हे चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सी टाळतात, कारण सुईने रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित वाटेत पेशी सांडतात.

कापण्याबद्दल: अडचण गाठीची नाही, उरलेल्या लिव्हरची आहे. प्लेटलेट कमी आणि पोटात पाणी, म्हणजे बहुधा पोर्टल शिरेत (आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) दाब वाढलाय. अशा लिव्हरचा तुकडा काढला तर उरलेलं लिव्हर तग धरेलच असं नाही. ट्रान्सप्लांटमध्ये गाठ आणि सिरोसिस दोन्ही जातात. त्यासाठी मिलान निकष बघतात: एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येकी ३ सेंमीपर्यंत. गाठीच्या आकारावरून अण्णा सध्या त्यात बसतात. वाट बघताना गाठ वाढू नये म्हणून टेस: जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीच्या धमनीत औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. नंतर चार दिवस ताप, मळमळ, पोटदुखी. आम्ही घाबरून रात्री दोनला हॉस्पिटल गाठलं होतं, तसं करू नका, आधीच विचारून ठेवा.

डॉक्टरांना 'चाइल्ड-प्यू ए की बी?' (लिव्हर किती बिघडलंय याची श्रेणी) एवढं नक्की विचारा. टेस झेपेल का, ते बरंचसं त्यावर ठरतं. आणि वहिनींना दात्याच्या तपासण्यांना सोबत न्या. घरी आपण समजावण्यापेक्षा तिथे त्यांचेच प्रश्न निघू देत.

प्रतिसाद
ताटाचं आधी बघा. हिपॅटायटिस बी एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. दारूशी तर त्याचा संबंधच नाही. घरात रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे हवेत. तुम्ही, दादा, आई, तिघांनी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) करा. जे निगेटिव्ह असतील आणि आधी लस झाली नसेल, त्यांना तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. आणि अण्णांची बीची गोळी मनाने कधीही बंद करू नका.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. रिपोर्टमध्ये वॉशआउट आहे. आईला फोन केला, आधी गप्प बसली, मग म्हणाली, आज पिठलं केलंय, आत बोलावते त्यांना.

रेझरचं मात्र लक्षातच आलं नव्हतं. मोरीत एकच असायचा, दादा आणि अण्णा दोघांचा, वर्षानुवर्षं. दादाची टेस्ट उद्या सकाळी आहे. पॉझिटिव्ह आली तर तो दाता होऊच शकत नाही ना? कुणाला माहीत असेल तर सांगा.