जिनिव्हा करार फक्त सैनिकांपुरता नाही
एकांनी असं लिहिलंय की जिनिव्हा करार (युद्धात माणसांना कसं वागवायचं हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय करार) फक्त पकडलेल्या सैनिकांना लागू होतो. हे बरोबर नाही. 1949 चा चौथा करार खास नागरिकांसाठीच आहे. त्याच्या कलम 43 नुसार स्थानबद्ध केलेल्या परकीय नागरिकाला फेरविचार मागता येतो आणि वर्षातून निदान दोनदा त्याचं प्रकरण तपासावं लागतं. भारताने हा करार 1950 मध्येच मान्य केला होता.

तरीही 1962 च्या युद्धात आसाममधलं माकुम, तेव्हा आसामातच असलेलं शिलाँग, पश्चिम बंगालमधलं दार्जिलिंग अशा ठिकाणच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यात अगदी लहान मुलंही, अंगावरच्या कपड्यांनिशी आगगाडीत बसवून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. (इंग्रजांनी कम्युनिस्ट नेते डांगे आणि समाजवादी नेते जयप्रकाश नारायण यांना डांबलं होतं तीच देवळी.) खटला नाही, आरोप नाही. युद्धामुळे तेव्हा लागू केलेल्या आणीबाणीमुळे राज्यघटनेच्या कलम 21-22 साठी (व्यक्तिस्वातंत्र्य आणि मनमानी अटकेपासून संरक्षण) कोर्टात जायची वाटही बंद होती. काही जण 1967 पर्यंत आत होते. आणि यातली सगळ्यात जाचक गोष्ट अशी की हा करार शत्रूराष्ट्राच्या नागरिकाला संरक्षण देतो, स्वतःच्या नागरिकाला नाही. म्हणजे ज्यांचं भारतीय नागरिकत्व पक्कं होतं, त्यांना त्याचाही आधार नव्हता.