'पॅरानॉइया'ला मराठीत काय म्हणायचं? आणि तो माणूस खरा निघाला तर?

इंदुरी पोहे
गेल्या शनिवारी राजेंद्रनगरला आमच्याकडे आठ जणांनी दाटीवाटीने बसून 'कॉन्स्पिरसी थिअरी' पाहिला. १९९७ चा, रिचर्ड डॉनरचा, मेल गिब्सन आणि जूलिया रॉबर्ट्सचा. सिनेमा सव्वादोन तासांचा, त्यावरचं भांडण त्याहून लांब, आणि तेही एका शब्दावरून: पॅरानॉइया, म्हणजे सगळे आपल्या मागावर आहेत असं वाटत राहणं. म्हणून इथे विचारतेय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जेरी नावाचा न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला. मागे गिऱ्हाईक बसलं की याची टकळी सुरू: सरकार हे लपवतंय, ते लपवतंय. घरी फ्रिजला कुलूप, आतल्या डब्यांना कुलूप. दाराच्या मुठीवर बाटली ठेवलेली, कुणी दार हलवलं की पडून आवाज व्हावा म्हणून. एक पत्रक छापतो, वर्गणीदार मोजून पाच.

बाबा दहाव्या मिनिटाला म्हणाले, "वहमी आहे." पुण्याहून आलेली मावशी लगेच, "भाऊजी, वहमी हिंदी झालं. मराठीत संशयी." काकू म्हणाली, "संशयी म्हणजे बायकोचा फोन चोरून बघणारा. हा कुणाचा संशय घेतोय? याला तर सगळं ठाऊकच आहे." भाचा म्हणाला, "पॅरानॉइड म्हणा ना, विषय संपवा." विषय काही संपला नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

बडोदेकर
'वहमी' सरसकट हिंदीच्या खात्यावर टाकू नका. जुन्या मराठीत 'वहीम' आहे, अर्थ संशय. मूळ अरबी 'वह्म', म्हणजे मनाने रचलेली कल्पना. इकडे बडोद्यात गुजरातीच्या संगतीने आम्ही 'वहेम' म्हणतो आणि त्यात दोन अर्थ नांदतात: संशय आणि अंधश्रद्धा. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणारा वहेमी, आणि शेजारी आपली पत्रं उघडून वाचतो असं मानणारा पण वहेमीच. जेरीला चपखल बसतो. तुमच्या बाबांना माझा नमस्कार.

मोडीवाचक
काकूंनी बोलता बोलता फार मोठी गोष्ट सांगितली आहे.

'संशय' हा शब्द सम् + शी असा. मन दोन बाजूंना लोळत असतं, कुठेच टेकत नाही, ती स्थिती. तर्कशास्त्रात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'स्थाणुर्वा पुरुषो वा': अंधारात दिसतोय तो खुंट की माणूस? ठरत नाही, हा संशय. गीतेतला 'संशयात्मा विनश्यति' (४.४०) हाही मनात डळमळणारा माणूस आहे. सगळ्यांवर पाळत ठेवणारा नव्हे. आपण उगाच तो श्लोक नवऱ्यांच्या तोंडावर फेकतो.

जेरी डळमळतो का? मुळीच नाही. त्याला खात्री आहे. खात्रीने चुकीचं जाणणं याला न्यायदर्शनात 'विपर्यय' म्हणतात, शिंपल्याला चांदी समजणं. अंधारात दोरीला साप समजणं, हे वेदान्त्यांचं उदाहरण तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे पॅरानॉइया हा संशयाचा अतिरेक नव्हे. संशय जिथे संपतो तिथे तो सुरू होतो. ग्रीकमध्येही 'पॅरा' म्हणजे बाजूला आणि 'नूस' म्हणजे मन. मन रुळावरून बाजूला सरकलेलं. त्यात शंकाकुशंका कुठेच नाही.

पोहेजिलबी
मग 'विपर्ययी' म्हणायचं का? सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस खाताना मी मित्राला म्हणतो, "यार तू फार विपर्ययी झालास." तो मला तिथेच सोडून जाईल.

मोडीवाचक
म्हणू नका. मी अर्थ सांगितला, शब्द सुचवला नाही.

ग्वाल्हेरची सून
माझ्या सासरी सगळे 'शक्की' म्हणतात आणि 'मला शक आला' असं बिनदिक्कत बोलतात. लग्न होऊन आले तेव्हा कानाला टोचायचं, आता मीही बोलते. पण एक फरक लक्षात आला आहे. 'शक्की' नेहमी स्वभावाला लावतात, आणि तो बहुतेक घरातल्या माणसांबद्दलचा. सरकार, पोलीस, फोन ऐकणारे, असल्या मोठ्या गोष्टींबद्दल कुणी बोललं की सासूबाई म्हणतात, "त्याच्या डोक्यात बसलंय." किंवा "डोक्यात घेतलंय." नाम नाहीच, क्रियापदावर भागतं. मला तर तेच सगळ्यात मराठी वाटतं.

निवृत्त बाबू
३४ वर्षं सरकारी फायली हाताळल्या, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या शब्दाबद्दल लिहितो. सिनेमातलं 'सरकारी सीक्रेट' मराठीत काय?

'गुपित' म्हटलं की मला दोन मुली कानात कुजबुजताना दिसतात. 'सरकारी गुपित' म्हणजे मुख्य सचिवांनी लाडवांचा डबा फडताळात लपवलाय असं वाटतं. तरी कायद्याच्या मराठीत १९२३ च्या कायद्याचं नाव 'शासकीय गुपिते अधिनियम' असंच आहे. आमच्याकडे मध्य प्रदेशात तो हिंदीतून वाचायचा, 'शासकीय गुप्त बात अधिनियम'. 'गुप्त बात' तर त्याहून गोड. एवढा कडक कायदा, आणि नाव ऐकून वाटतं ओट्यावर बसलेल्या बायकांनी केलाय.

कचेरीत खरा चालणारा शब्द 'गोपनीय'. मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात. आमच्यावर वर्षाकाठी 'गोपनीय अहवाल' लिहिला जायचा. त्याचं गंमतीचं गणित असं की ज्याच्याबद्दल लिहिलाय तो सोडून सगळ्या कचेरीला त्यात काय आहे ते ठाऊक असायचं. तेव्हा 'गोपनीय' म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, असा अर्थ घेऊ नका. तुम्हाला सांगायचं नाही, एवढाच तो अर्थ.

'रहस्य' सिनेमाच्या पोस्टरवर शोभतं. आणि 'भेद' हिंदीत गुपित असला तरी मराठीत फरक किंवा फूट. अपवाद 'घरभेदी'.

पोहेजिलबी
बाबूजी, लाडवांच्या डब्याला शंभर गुण.

बडोदेकर
आणि 'कॉन्स्पिरसी'ला? मराठी वर्तमानपत्रं 'षड्यंत्र' लिहितात तेव्हा मला हिंदी मालिकेतला विजेचा कडकडाट ऐकू येतो.

मोडीवाचक
आपल्याकडे याची रेलचेल आहे, पेशवाईची कृपा. कट, कारस्थान, मसलत, खलबत. 'खलबत' फारसीतल्या 'खल्वत'वरून, म्हणजे एकान्त. एकान्तात बसून ठरवायची जागा ती खलबतखाना. यात वाईट हेतू असायलाच हवा असं नाही. 'कारस्थान'सुद्धा एके काळी एवढा काळा शब्द नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. त्यानंतर राघोबादादांविरुद्ध कारभारी एकत्र आले, त्याला इतिहासाची पुस्तकं 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात. तुमच्या तुकोजी होळकरांचं आणि ग्वाल्हेरच्या महादजींचं नावही त्यात घेतात. आज कुणाला 'काय कारस्थानी माणूस आहेस' म्हणून बघा.

आणि 'ध चा मा' विसरू नका. 'नारायणरावास धरावे' या हुकुमात आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून 'मारावे' केलं, ही कथा. सरकारी कागद, त्यातला गुप्त फेरफार, पडद्याआडचा हात, एका अक्षरात सगळा उलगडा: अशा कथेला आणखी काय लागतं? रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हे झालं न्यायाचं. लोकांनी मात्र पक्कं धरलं ते अक्षर. म्हणून 'कॉन्स्पिरसी थिअरी'ला मी 'कटसिद्धान्त' वगैरे म्हणणार नाही, तो भूमितीच्या तासाला शोभेल. 'कारस्थानकथा' म्हणा.

रामबागेतले आजोबा
अशी कथा इंदूरकरांना दूर शोधायला नको. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, इंदूर दरबार सोडून गेलेली नर्तकी मुमताज बेगम त्याच्यासोबत होती, आणि १९२६ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव (तिसरे) होळकर महाराजांनी गादी सोडली. एवढं छापलेलं आहे. आमच्या लहानपणी वाड्यात मोठी माणसं त्यापुढचंही बोलायची, पण आवाज उतरवून, आणि मुलं आली की एकदम आमटीत मीठ कमी आहे का यावर यायची. त्या बोलण्याला आई म्हणायची 'कंड्या पिकवताहेत'. अफवा म्हणजे नुसती पसरलेली. कंडी पिकवावी लागते, त्यात पिकवणाऱ्याची मेहनत असते. तुमच्या जेरीचं पत्रक म्हणजे कंड्यांचं मासिक.

बरं, कट 'शिजतो' आणि पाणी 'मुरतं' याकडे कुणी लक्ष दिलं का? कुणावर संशय घ्यायचा तर मराठी माणूस 'मला संशय आहे' म्हणत नाही. तो म्हणतो, "कुठेतरी पाणी मुरतंय." म्हणजे दोष बोलणाऱ्याच्या डोक्यात नाही, भिंतीत आहे. ओल दिसतेय, नळ दिसत नाही.

इंदुरी पोहे
आजोबा, हे मी वहीत लिहून घेतलं.

आता सिनेमाबद्दल, कारण शब्दाचा गुंता तिथेच आहे. आमच्याकडे अर्ध्यापर्यंत सगळे खूश होते. मावशीला जेरी आवडला, "गोंडस वेडा" म्हणाली. भाच्याच्या मते त्याची अखंड बडबडच काय ती खरी, पुढची प्रेमकथा जबरदस्तीने चिकटवलेली. मला ती वकीलबाई, म्हणजे जूलिया रॉबर्ट्स, पटली नाही. न्यायखात्यातली बाई, दर थोड्या दिवसांनी दारात येणाऱ्या अशा माणसाचं इतकं ऐकून घेते? काकू म्हणाली, घेते, बायका घेतात. जेरी त्याला पकडून छळणाऱ्या डॉक्टरचं नाक चावतो तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले.

आणि मग कळतं की जेरीच्या डोक्यात जे आहे ते कुणीतरी खरोखर घातलेलं आहे. सिनेमा 'एमके-अल्ट्रा'चं नाव घेतो. भाच्याला वाटलं पटकथाकाराने रचलंय. नाही. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा तो कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला. मनावर ताबा मिळवता येतो का हे बघायला माणसांवर प्रयोग, काहींना नकळत एलएसडी हे भ्रम घडवणारं द्रव्य. १९७३ मध्ये संचालकांच्या हुकुमाने कागद नष्ट केले. १९७५ मध्ये सिनेटच्या चौकशीत प्रकरण बाहेर आलं आणि १९७७ मध्ये नष्ट करायचे राहून गेलेले सुमारे २०,००० कागद सापडले. जेरी काल्पनिक, पण हे सगळं घडलेलं.

बाबांची पंचाईत झाली. वहमी म्हणावं तर माणूस बरोबर. बरोबर म्हणावं तर डब्यांना कुलपं कशाला?

ग्वाल्हेरची सून
भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

मोडीवाचक
नाही बसत. त्या म्हणीत ब्रह्मराक्षस भित्याच्या भीतीतून येतो. इथे राक्षस आधीपासून होता आणि माणूस नंतर भित्रा झाला. 'मन चिंती ते वैरी न चिंती' हीसुद्धा उलटी पडते. इथे वैऱ्याने जे चिंतलं ते जेरीच्या मनाला सुचलंही नसतं. आमची दोरी साप निघाली म्हणा. वेदान्तात याची सोय नाही.

पोहेजिलबी
म्हणजे म्हणी पण सरकारला सामील.

निवृत्त बाबू
डॉक्टरी भाषेचं काय? हिंदी माध्यमाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत भ्रामक समजुतीला 'व्यामोह' म्हणतात, नातीचं पुस्तक चाळलंय. मराठीत मोह म्हणजे सोन्याचा, जिलबीचा. 'त्याला व्यामोह झालाय' म्हटलं तर लोक विचारतील, कुणाचा?

बडोदेकर
आणि हेही सांगून ठेवतो, खऱ्या आजाऱ्याला 'संशयपिशाच्च' वगैरे म्हणू नये. आमच्या नात्यात एक जण होते, त्यांना शेजारच्या पंख्यातून बोलणी ऐकू यायची. औषधाने पुष्कळ बरे झाले. त्यांच्यासाठी डॉक्टरांचा 'पॅरानॉइड' हा शब्द आम्हाला दयाळू वाटला, कारण त्याला मराठीतला टोमणा चिकटलेला नव्हता.

इंदुरी पोहे
हे पटलं. आजारासाठी पॅरानॉइया राहू दे, रक्तदाबासारखा आपला होईल हळूहळू.

पण जेरीसाठी मला शेवटी काकूचंच उत्तर आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरताना ती म्हणाली, "अगं, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फक्त याला दूध आठवत नाही." बस्स. डब्यांची कुलपं, दारावरची बाटली, पाच वर्गणीदारांचं पत्रक, सगळं ताक फुंकणं. बघणाऱ्याला वाटतं वेडा आहे, ताकाला कोण फुंकतं? आणि त्याला स्वतःलाही सांगता येत नाही की कधी पोळलो, कुणी पोळवलं. बाकीचा सिनेमा त्या दुधाचा शोध आहे.

म्हणजे आजार असेल तर पॅरानॉइया. स्वभाव असेल तर वहमी, शक्की, जिथे जे चालतं ते. आणि मागे खरंच काही घडलं असेल तर 'ताक फुंकणारा'. बाबांना हे मान्य नाही. ते म्हणतात तिसरा आणि दुसरा बाहेरून सारखेच दिसतात, तर ओळखणार कसं? नाही ओळखता येत बाबा, म्हणून तर सव्वादोन तास बसलो.

रामबागेतले आजोबा
काकूंना माझ्यातर्फे एक प्लेट कचोरी.

ग्वाल्हेरची सून
कुणी 'साप साप म्हणून भुई थोपटणे' कसं आणलं नाही? जेरीला अर्ध्यापर्यंत तरी लागू आहे.

मोडीवाचक
धोपटणे. थोपटतात ते बाळाला.