मदत हवी आहे: ड्युरंटचा सौदा नेमका तोलायचा कसा?

मंडळी, एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) जाणणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करा. मी ह्युस्टन रॉकेट्सचा चाहता, सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन सामना बघणारा. २०२५च्या उन्हाळ्यात आमच्या संघाने केव्हिन ड्युरंटला आणलं. बदल्यात फिनिक्सला जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) दहावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीच्या पाच निवडी दिल्या.

ग्रीन तेव्हा २३ वर्षांचा, ड्युरंट सदतिशीला टेकलेला. शिवाय २०१९च्या फायनलमध्ये उजव्या पायाचा अकिलिस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटलेला. पण नंतरही गड्याने २०२४-२५च्या हंगामात सामन्यामागे सरासरी २६.६ गुण काढले! आणि ग्रीन? २०२५च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) वॉरियर्सविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या सामन्यात ३८ गुण, निर्णायक सातव्यात फक्त ८. त्या सकाळी चहा तसाच गार झाला.

माझा मेव्हणा म्हणतो, "ब्रुकलिन विसरलास का?" २०१३मध्ये ब्रुकलिन नेट्सने गार्नेट आणि पिअर्स या वय झालेल्या बोस्टनच्या खेळाडूंसाठी पहिल्या फेरीच्या निवडी उधळल्या, त्यातूनच पुढे बोस्टनला जेलन ब्राउन मिळाला. मला ही तुलना ओढूनताणून वाटते, कारण आम्ही भविष्यातली पहिल्या फेरीची एकही निवड दिलेली नाही. पण त्याला पटेल असं उत्तर सुचत नाही.

म्हणून विचारतो: उंच आणि नेमबाजीवर जगणारा खेळाडू वयाबरोबर किती झपाट्याने घसरतो? आणि सौद्याच्या वेळी ग्रीन-ब्रुक्सचे पगार मिळून जवळपास ड्युरंटच्या पगाराइतके, म्हणजे साडेपाच कोटी डॉलर भरत होते. मग यात खरी किंमत ग्रीनची धरायची की दहाव्या क्रमांकाची?