जर्मनीत पोस्टडॉक: स्टायपेंड घ्यावा की ई१३ची वाट बघावी?

पंचगंगा:
सुपरकपॅसिटरच्या थिन फिल्म्सवर पीएचडी. थिसिस सबमिट झालाय, व्हायवा बाकी. जर्मनीतल्या एका प्रोफेसरांनी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, दोन वर्षांचा स्टायपेंड देऊ केलाय. दुसऱ्या विद्यापीठात 'टीव्ही-एल ई१३, १०० टक्के' (तिथल्या सरकारी पगारश्रेणीतली पूर्णवेळ) अशी जागा आहे, पण तिथला इंटरव्ह्यू अजून व्हायचाय. स्टायपेंडवर टॅक्स नाही, म्हणून हातात पैसे जवळपास सारखेच पडतात असं सीनियर म्हणतात. घरचे म्हणतात, हातातलं सोडू नकोस. काय करू?

मुळशीकर:
अभिनंदन! इकडे भारतात आरए-१ला (रिसर्च असोसिएट) महिना ५८,००० आणि वर एचआरए, तेही वेळेवर आले तर. डोळे झाकून जा.

गॉटिंगेनची सूनबाई:
डोळे उघडे ठेवूनच जा गं. सीनियरांचा हिशेब अर्धाच आहे. ई१३ म्हणजे नोकरी. आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा पगारातून कापतात आणि साधारण तेवढाच वाटा विद्यापीठही घालतं. पहिली पगाराची स्लिप बघून मला ब्रह्मांड आठवलं होतं! पण प्रोजेक्टचा निधी आटला आणि पुढचं काँट्रॅक्ट लांबलं, तेव्हा त्याच कपातीवर बेकारी भत्ता मिळाला. त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेली लागते. स्टायपेंडवाल्या मैत्रिणीला दमडी मिळाली नाही, विम्याचे पैसेही पहिल्यापासून तीच भरत होती. बाळंतपणाची रजाही नोकरीतच: आधी ६ आठवडे, नंतर ८.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. रुजू झालीस की एचआर व्हीबीएलचे कागद देईल, म्हणजे जादा पेन्शन. नेहमीच्या योजनेत ६० महिने भरावे लागतात. तेवढं राहणार नसशील तर त्यांच्याच 'एक्स्ट्रा' या दुसऱ्या योजनेसाठी दोन महिन्यांच्या आत अर्ज दे.

सगळेच स्टायपेंड वाईट असं नाही. हुम्बोल्ट फाउंडेशनची फेलोशिपही स्टायपेंडच आहे, पण सीव्हीवर त्याचं वजन पडतं. पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत, अर्ज वर्षभरात कधीही. तुझ्या प्रोफेसरांना सरळ विचार, स्टायपेंडऐवजी काँट्रॅक्ट देता येईल का. इथे कुणाला त्याचा राग येत नाही.

ओंडकातोड्या:
पुढे मेरी क्युरी (युरोपियन युनियनची फेलोशिप) करायची असेल तर देश विचार करून निवडा. मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीत राहिलात, तर जर्मनीतली संस्था होस्ट म्हणून चालत नाही.

पंचगंगा:
प्रोफेसरांना मेल टाकला. माझे इथले गाईड म्हणाले, 'पैशाचं लगेच विचारू नये, बरं दिसत नाही.' तोवर सेंड झालं होतं. ताई, काँट्रॅक्टसाठी मूळ डिग्रीच लागते की प्रोव्हिजनल चालतं?

गॉटिंगेनची सूनबाई:
माझ्याकडून प्रोव्हिजनल घेतलं होतं. पण एचआरगणिक वेगळं असतं, आत्ताच मेल करून लेखी घे.