वाट आधी की गाव?

"आधी गाव वसतं, मग रस्ता होतो" असं कुणीतरी ठामपणे लिहिलंय. मला उलटं वाटतं. इंग्लंडच्या सॉमरसेटमधली 'स्वीट ट्रॅक' घ्या. ओकच्या फळ्यांची ही दलदलीतली पायवाट जवळपास दोन किलोमीटरची. लाकडाच्या वर्षवलयांवरून झाडं तोडल्याचं साल निघालं, इ.स.पू. 3807-06 च्या सुमाराचं! तिरप्या खुंट्या एकमेकींत फुलीसारख्या रोवायच्या, त्या बेचक्यात फळी ठेवायची. एका वेळी एकच माणूस जाणार. वाट जेमतेम दहाएक वर्षं वापरात होती. पण तिच्या कडेला सापडलेल्या हिरव्या कुऱ्हाडीचा दगड आल्प्समधला. म्हणजे दगड हातोहात केवढा फिरला बघा.

आमच्याकडे निफाडला पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर छाटणीच्या काड्या टाकतात, नाहीतर काळ्या मातीत चप्पल राहते आणि पाय वर येतो. युक्ती तीच. फक्त आमच्या काड्या पुढच्या वर्षी कुजून जातात. तिकडच्या फळ्या पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरात, हवा न लागल्यामुळे टिकल्या.

नाशकात अशी लाकडी वाट मिळणं कठीण. पण गोदाकाठच्या 'मातीची गढी' नावाच्या टेकाडात 1950-51 च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे त्या काळातल्या) वस्तीचा थर निघाला. गंगापूरजवळ तर त्याहून कितीतरी जुनी दगडी हत्यारं. म्हणजे वस्तीच्या आधीच माणसं इथे फिरत होती. पांडवलेण्यांतल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात तापी, दमण वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं सांगतो. आता नाव काय कुठेही लावत नाहीत. माणसं आधीपासून उतरत असतील तिथेच लावतात.